झुंबरबाईचा दोर

कोडोलीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात विहिरीपाशी सिमेंटची एक बाई उभी होती. पायाशी घागर, हातांची ओंजळ पुढं, मान वर. सहासष्ट साली पंचायतीनं विहिरीची शोभा म्हणून ती बसवली आणि येणारा-जाणारा पावणा तिचं तोंडभरून कौतुक करायचा. झुंबरबाईला मात्र ती डोळ्यांसमोर नको व्हायची.

कारण तशीच ओंजळ पुढं करून ती स्वतः एके काळी उभी राहिली होती. बौद्धवाड्यातल्या बायकांनी कट्ट्याखाली ताटकळायचं, वरच्या कुणाला दया आली तर त्यानं घागरीत पाणी ओतायचं, ही गावाची जुनी रीत. अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात झुंबरबाई आपल्या तीन जावांना घेऊन सरळ कट्ट्यावर चढली आणि विहिरीत पोहरा सोडला. गावानं पुढं पावसाळा सरेपर्यंत त्यांना मीठसुद्धा विकलं नाही. पण बाई वाकली नाही.

एकोणऐंशीत सरपंच कृष्णात पाटलांच्या मनात आलं, त्या दिवसाचं स्मारक करावं. हेतू चांगला, पण अक्कल पंचायतीची! नवा पुतळा कशाला, आहे त्याच बाईखाली समतेची पाटी लावू, असं ठरलं. आमंत्रण घेऊन सरपंच दारात आले, तशी झुंबरबाई भडकली.

"पाटील, ती बाई पाणी मागती. आम्ही मागितलं न्हाय, काढलं. ती तशीच ठेवून आमचं नाव लावनार आसशीला, तर मी येनार न्हाय."

पुतळा घडवणारा मीरासाब गवंडी सोबत होता, त्याचा चेहरा उतरला. "आक्का, ल्हानपणी बघितलं तसंच केलं की मी. देखणं वाटलं मला," तो म्हणाला. "चुकलं माझं. माझ्याच हातानं फोडतो."

आणि खरंच फोडलं. छिन्नीनं ओंजळ उडवली, आतल्या सळया वाकवून नव्या मुठी वळल्या, त्यांत दोर दिला. मानही नव्यानं बसवली. बोटं कशी आवळतात ते बघायला त्यानं झुंबरबाईला विहिरीवर पोहरा ओढायला लावला. साठीला टेकलेली बाई, पण मनगटाच्या शिरा अशा तटतटल्या की मीरासाब काम विसरून बघत राहिला.

समारंभाला सारं गाव लोटलं. पडदा सरला आणि झुंबरबाईचा ऊर अभिमानानं भरून आला. पुतळ्यातली बाई आता कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हती.

सरपंचांनी माइक धरला. "आपल्या गावानं त्या साली विहीर सर्वांना खुली केली..."

झुंबरबाई पहिल्या रांगेतून उठली. "गावानं न्हाय केली, पाटील!" माइक नसताना तिचा आवाज पार चावडीपर्यंत गेला. "आम्ही चौघींनी केली. गाव आडवं आलतं. सांगायचंच तर खरं सांगा."

आडवं येणाऱ्यांत सरपंचांचे वडीलच पुढं होते, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. सरपंचांनी घाम पुसला. झुंबरबाई उभीच होती.

"आक्का म्हंती ते खरं हाय," ते माइकवर म्हणाले. "गावानं न्हाय केली. गाव आडवं आलतं, आन् माझा बा सगळ्यांच्या पुढं हुता. विहीर ह्या चौघींनी खुली केली."

मगच झुंबरबाई खाली बसली.