तिसरा रकाना

सेतुमामांनी माझ्याकडे शेवटची मागितलेली गोष्ट म्हणजे एक घोट कॉफी, आणि ती मी त्यांना दिली नाही. दीड महिना हे एवढं एकच वाक्य मी डोक्यात घेऊन हिंडत होतो. ऑफिसात, बसमध्ये, जेवणाच्या पानावर. आज ते कागदावर लिहू शकतो, कारण गेल्या रविवारी त्याचा निकाल लागला. निकाल काय लागला ते शेवटी सांगतो. आधी ती सकाळ.

मांबलमला आमची आणि मामांची घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत. मधल्या भिंतीत एक दार आहे आणि त्या दाराला कडी नाही. पहाटे साडेपाचच्या सुमाराला त्या दारातून मामी आली. "रघू, मामांना येऊन बघ रे. खुर्चीवरून उठायला होत नाही म्हणतात. घाम किती आलाय..." मी लुंगी सावरत धावलो. मामा वेताच्या खुर्चीत बसले होते. डावा हात छातीवर, अंगातला शर्ट ओलाचिंब, ओठ पांढरे. समोरच्या स्टुलावर डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या वाटी-पेल्यात, मामीनं नुकतीच गाळलेली कॉफी, अजून फेस न बसलेली. मी त्यांना जमिनीवर उशांना टेकवून अर्धवट बसवलं, गुडघे उचलून खाली लोड सरकवला, शर्टाची बटणं सोडली, खिडकी उघडली आणि कोपऱ्यावरच्या घरातून अँब्युलन्सला फोन करायला बायकोला पिटाळलं. हे सगळं मामांनीच कधीकाळी मला शिकवलेलं. मामांनी डोळे उघडले, स्टुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "रघू, एक घोट दे."

मी टंबलर उचलला आणि मोरीत ओतला.

मामी माझ्याकडे बघतच राहिली. मामांनीही पाहिलं. डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलातच ते वारले. मधल्या वेळात डॉक्टरांनी पोटात काही जाऊ दिलं नाही; ओठ ओले करण्यापुरतं पाणी, बस्स. तेराव्याला सगळे पांगल्यावर मामी भिंतीकडे बघत म्हणाली, "पन्नास वर्षं पहाटेची कॉफी माझ्या हातची घेतली त्यांनी. त्या दिवसाची तेवढी राहिली रे." मला बोल लावायला ती म्हणाली नव्हती. म्हणूनच जास्त लागलं.

आता सेतुमामा कोण, ते सांगायला हवं. माझ्या आईचे धाकटे भाऊ. आमची घराणी तंजावरची. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिल्यानं आमच्या मराठीला सांबाराची फोडणी बसलेली. माझी बायको पुण्याची, तिनं लग्नानंतर माझी मराठी बरीच धुऊन वाळत घातली, म्हणून हा लेख वाचकांना कळतो आहे. मामांची मराठी मात्र तिच्या हाती लागली नाही. ते "सांगितलं" न म्हणता "सांगिटलं"च म्हणत राहिले. अंबत्तूरला पत्र्याचे सुटे भाग ठोकून काढणाऱ्या एका कारखान्यात ते प्रथमोपचाराची खोली सांभाळायचे. खोलीत एक खाट, एक कपाट, एक बेसिन आणि भिंतीवर ओळीनं टांगलेली मामांची सर्टिफिकेटं. पहिलं प्राथमिक. ते तीन वर्षं चालायचं, मग पुन्हा परीक्षा. मग त्याच्यावरचं, मग त्याच्याही वरचं, मग शिकवायची परवानगी देणारं. नातेवाइकांत त्यांना "अर्धा डॉक्टर" म्हणायचे. मामांना ते मुळीच आवडायचं नाही. "अर्धा डॉक्टर म्हणजे पुरा धोका," म्हणायचे. "मी पुरा प्रथमोपचारवाला आहे."

त्यांच्या खिशात एक कार्ड असायचं. एका बाजूला आपण काय करायचं ते, दुसऱ्या बाजूला काय करायचं नाही ते. दुसरी बाजू जास्त भरलेली. एकदा मी विचारलं, मामा, तुम्ही इतक्या परीक्षा चढलात, मग ही "नाही"ची यादी कमी कशी होत नाही? तेव्हा ते पट्टी गुंडाळत म्हणाले, "थोडी होते रे. पण खरं म्हणजे वर चढलं की ती का लिहिली आहे ते कळायला लागतं."

ती यादी त्यांनी एकदा नोकरी पणाला लावून पाळली. मी तेव्हा कॉलेजात होतो. ही हकीकत घरात इतक्या वेळा ऐकली की आपण तिथे उभे होतो असंच मला वाटतं. पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणाऱ्या मुरुगेसनचा पंजा चेचला आणि तो मागे पडला. मामांनी जखमेवर घडी दाबून धरली, हात उंच केला, त्याला आडवं केलं. मुरुगेसन ओरडत होता, सगळं शॉप काम टाकून गोळा झालं होतं. मॅनेजर आला आणि म्हणाला, कपाटात डॉक्टरनं ठेवलेलं दुखणं मारायचं इंजेक्शन आहे, ते दे आणि याला गप्प कर. मामा म्हणाले, "सार, माझ्या कार्डावर सुई नाही." मॅनेजर म्हणाला, "एवढ्या सर्टिफिकेटांचं करायचं काय मग, लोणचं घालायचं?" मामा पेशंटवर वाकले होते. ते मुरुगेसनला त्याचं नाव विचारत होते. पहिल्यांदा त्यानं बरोबर सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा आपल्या धाकट्या भावाचं नाव सांगितलं.

कारखान्याच्या व्हॅनमधून मोठ्या सरकारी हॉस्पिटलपर्यंत मामा त्याचा हात वर धरून बसले. त्याच्या शर्टाला त्यांनी सेफ्टी पिननं एक चिठ्ठी अडकवली होती. मामांची ती पद्धतच होती. चिठ्ठीत तीन रकाने: झालं काय, केलं काय, केलं नाही काय. तिसऱ्या रकान्यात त्या दिवशी इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की इंजेक्शन दिलेलं नाही, तोंडानं काही दिलेलं नाही, पडताना डोकं आपटलेलं असावं, नाव तिसऱ्यांदा चुकलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पंजाकडे बघण्याआधी ती चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "हे लिहिणारा डॉक्टर कुठे आहे?" मामा म्हणाले, "डॉक्टर नाही अम्मा. प्रथमोपचार, दुसरी पातळी." बाई म्हणाल्या, सुई दिली असती तर हा गुंगीत आहे की डोक्याला मार आहे, आम्हाला कळलं नसतं. मुरुगेसनच्या डोक्याचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं. दोन बोटं गेली, माणूस राहिला. अजून दर पोंगलला तो मामांच्या दारात उसाच्या कांड्या आणून ठेवतो. मॅनेजरनं माफी वगैरे मागितली नाही. पण महिन्याभरानं मामांच्या टेबलावर छापील पॅडांचा एक गठ्ठा आला, प्रत्येक पानावर तीन रकाने.

त्या पॅडांनी नंतर घरात उच्छाद मांडला. निवृत्त होताना उरलेली पॅडं मामा घरी घेऊन आले आणि कॅलेंडराच्या खिळ्याला एक टांगून ठेवलं, पेन्सिल सुतळीनं बांधून. घरच्या चिठ्ठ्या मराठीत, पण अक्षरं तमिळ, कारण देवनागरी त्यांना फारशी लिहिता यायची नाही. एकदा मामीला सापडलेली चिठ्ठी अशी: "झालं: रसम खारट. केलं: दोन वाट्या घेतल्या. केलं नाही: बोललो नाही." मामीनं खाली लिहिलं, "आत्ता बोललात की."

आणि आता माझं. कारखान्याच्या कँटीनमध्ये मामा रविवारी प्रथमोपचाराचा वर्ग घ्यायचे. बी. कॉम. होऊन नोकरीची वाट बघत मी घरात लोळत होतो, तेव्हा आईनं मला तिथे ढकललं. आठ रविवार मी गेलो. त्रिकोणी पट्टीच्या गाठी मला इतक्या सुंदर यायच्या की मी त्या शेजारच्या मुलींना दाखवत हिंडायचो. त्याचा उपयोग झाला नाही, पण ते असो. परीक्षेला बाहेरून एक म्हातारे डॉक्टर आले. बाकावर एक फिटर पेशंट म्हणून झोपला होता. प्रश्न असा की हा शिडीवरून पडला आहे, पाय मोडला आहे, काय कराल ते करून दाखवा. मी धीर दिला, पाय हलू दिला नाही, दोन छत्र्यांच्या मधे तो असा बांधला की डॉक्टरांनी चष्मा लावून बघितला. सगळं झालं. पूर्ण गुण समोर दिसत होते. तेवढ्यात तो फिटर उगाच जरा कण्हला, आणि माझ्यातला तंजावरी पाहुणचार जागा झाला. आमच्यात दारी आलेल्या माणसाला पहिल्यांदा कॉफी विचारतात, मग नाव. मी म्हटलं, "फार दुखतं का? थोडी कॉफी घेता?" आणि कँटीनच्या खिडकीतून टंबलर आणून त्याच्या ओठांना लावला. तोही बेटा निम्मा प्यायला.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मामा कोपऱ्यातून पुढे आले. "गाठी एक नंबर," म्हणाले. "आणि पेशंट मारलास. आता याला ऑपरेशनला नेतील, गुंगी देतील, तुझी कॉफी वर येईल आणि श्वासात जाईल. इतकं बांधलंस कशाला मग?" फिटर उठून बसला आणि म्हणाला, "सार, कॉफी चांगली होती." सगळं कँटीन हसलं. मी नापास झालो.

मामा पुन्हा परीक्षेला बस म्हणाले, मी बसलो नाही. बँकेत लागलो, लग्न केलं, पोट सुटलं. मामा मात्र माझी ओळख करून देताना वीस वर्षं न चुकता सांगायचे, "हा भाचा. पहिल्या पातळीला नापास." त्यांचं एक स्वप्न होतं, ते मला ओट्यावर बसवून सांगायचे. आपल्याकडे अँब्युलन्स म्हणजे आडवं होऊन जायची टॅक्सी. तिच्यात शिकलेलं माणूस हवं. एक नुसती पट्टी बांधणारा, त्याच्या वरचा सलाईन लावणारा, त्याच्या वरचा आणखी अवघड कामं जाणणारा. आणि प्रत्येकाच्या खिशात कार्ड, इथवर तुझं, इथून पुढे त्याचं. "प्रत्येकानं आपली हद्द ओळखली की पेशंट हातोहात वर पोचतो," म्हणायचे. मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, आपली हद्द कॉफीपाशी संपली.

म्हणूनच त्या सकाळचं ओझं विचित्र होतं. ज्या चुकीसाठी मामांनी मला नापास केलं ती मी पुन्हा केली नाही, आणि तरी वाटत राहिलं की जन्मात एकदा नियम मोडायची वेळ होती ती हीच. कार्डाला चिकटून राहणारा नापास माणूस मी. एका घोटानं काय झालं असतं... हे मी दीड महिना स्वतःला विचारत होतो. अँब्युलन्स आली होती अर्ध्या तासानं. ड्रायव्हर आणि त्याच्याबरोबर एक मदतनीस. स्ट्रेचरवर घेताना मामांनी क्षीण आवाजात त्या मदतनिसाला विचारलं, "तुझं सर्टिफिकेट कुठलं?" तो म्हणाला, "ड्रायव्हिंग लायसन्स आहे सार." मामा हसल्यासारखे झाले आणि मला म्हणाले, "डोक्याकडची बाजू तू धर." मी धरली. हॉस्पिटलात तरुण डॉक्टरनं विचारलं, पहाटेपासून पोटात काय गेलंय? मी म्हणालो, काही नाही. तो "बरं झालं" म्हणाला आणि आत गेला. ते "बरं झालं" मी धरून ठेवायला हवं होतं. पण डॉक्टर सगळ्यांनाच बरं झालं म्हणतात.

गेल्या रविवारी मामीनं मधल्या दारातून हाक मारली. हॉस्पिटलातून आलेली मामांच्या कपड्यांची पिशवी तिनं तोवर उघडली नव्हती. "शर्ट धुवायला काढते," म्हणाली, "खिसे तू बघ. मला होत नाही." वरच्या खिशात चष्म्याचं घर, बसचं एक जुनं तिकीट, ते कार्ड, आणि घडी घातलेला एक कागद. हॉस्पिटलच्या कसल्याशा फॉर्मची पाठकोरी बाजू. तीन रकान्यांसाठी दोन रेघा हातानं ओढलेल्या, थरथरत्या. तमिळ अक्षरं, मराठी बोली. मी मोठ्यानं वाचायला लागलो.

"झालं: पहाटे छातीत दुखलं. घाम. केलं: टेकवून बसवलं, गुडघे वर, बटणं सोडली, वारा, अँब्युलन्स. केलं नाही: कॉफी दिली नाही. मी मागिटली तरी."

खाली एक ओळ होती, ती वाचायला मला जरा वेळ लागला.

"रघू. पहिली पातळी. पास. तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा."

मामी पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती. "बघ," म्हणाली, "मरताना पण वर्ग घेतला." मग ती उठून आत गेली. कॉफीच्या डिकॉक्शनचा वास आला. मामांचा डबरा-टंबलर तिनं माझ्यासमोर ठेवला, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा मी त्या घरातली कॉफी पूर्ण प्यायलो.

खिळ्यावरचं पॅड तसंच आहे, पेन्सिलही. निघताना मी वरच्या कोऱ्या पानावर पहिल्या रकान्यात लिहिलं, कॉफी उत्तम. दुसऱ्यात लिहिलं, संपवली. तिसरा रकाना मामीनं माझ्या हातातून पेन्सिल घेऊन भरला: "टंबलर धुतला नाही."

मी परत जाऊन धुतला.