एस्तेरमावशींची गुंडाळी

इतर ऑफिसांत फायली साचतात, आमच्याकडे किस्से साचायचे. नव्वदच्या दशकात सुरतेतल्या एका संस्थेच्या हस्तलिखित विभागात मी टायपिस्ट होतो. आमचे सर मूळचे उत्खननवाले. त्यांना कागदपत्रांवर बसवलं, तर तिथेही ते खापर सापडल्यासारखेच वागायचे!

बहुतेक किस्से एका गुंडाळीचे. एस्तेरमावशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, अलिबागकडच्या. नवरा रेल्वेत, म्हणून सुरतेत. चामड्यावर लिहून गुंडाळलेला त्यांच्या घरातला पुरातन धर्मग्रंथ जीर्ण झाला होता. असा ग्रंथ त्यांच्यात माणसासारखा दफन करतात. मुलं इस्रायलला गेलेली. "माझ्याआधी याला माती मिळू दे," एवढंच त्यांचं मागणं. सरांनी आठ दिवसांसाठी मागून घेतला. दोन वर्षं झाली!

*

एकदा एका पाहुण्यांनी विचारलं, "यात लिहिलंय काय?"

सर उखडले. "तो आमचा विषय नाही! आम्ही मजकूर वाचत नाही, वस्तू वाचतो!"

*

चामडं कोणत्या प्राण्याचं, यावर सर पंधरा दिवस भिंग लावून बसले. शेवटी आमचा धुळ्याकडचा शिपाई नामदेव चहा ठेवता ठेवता म्हणाला, "सर, हाई ते बकरीनं चामडं शे!" त्याच्या घरी बकऱ्या होत्या.

रिपोर्टमध्ये मी टाइप केलं : 'स्थानिक तज्ज्ञांच्या मते'.

*

गुंडाळीच्या जरीच्या गवसणीवरून सरांनी इराणशी व्यापारसंबंध सिद्ध केला. सात पानं! खात्रीसाठी मला पांडेसऱ्याच्या कापडगिरणीत रंगाईचं काम बघणाऱ्या एका डाइंग मास्टरकडे पाठवलं. त्यानं कापड चोळून पाहिलं. "अरे भाऊ, आ तो आपणा सुरतनुं ज छे!"

मावशींना विचारलं, तर त्या लाजल्या. "माझा लग्नातला शालू आहे तो. फाटला, म्हणून गवसणी शिवली."

सात पानं मात्र रिपोर्टमध्ये राहिली.

*

शेवटी मावशी रिक्षा घेऊनच आल्या. त्या थकल्या होत्या, आणि मला मनापासून लाज वाटली. सर म्हणाले, "मावशी, जमिनीत कुजेल हो ते!"

"मीपण कुजणारच आहे," मावशी म्हणाल्या. "मला काय कपाटात ठेवणार?"

सरांनी कपाट उघडलं. आम्ही सगळे यहुदी कब्रस्तानात गेलो. नामदेवनं खड्डा खणला, गुंडाळी आत ठेवली. सवयीनं सरांनी टेप लावून खोली मोजली आणि वहीत टिपायला लागले. दोन वर्षांची सगळी टिपणं त्याच वहीत होती.

मावशींनी वहीसाठी हात पुढे केला. पानं उलटता उलटता त्या एका पानावर थांबल्या. अक्षरांचं वळण दाखवायला सरांनी तिथे गुंडाळीतली चार अक्षरं हुबेहूब गिरवली होती.

"हे देवाचं नाव आहे. ज्यावर हे नाव, ते टाकायचं नाही, काम संपलं की ठेवायचंही नाही. पुरायचं."

सरांचा चेहरा उतरला. "मावशी, एक झेरॉक्स काढून आणू?"

"झेरॉक्सवरसुद्धा नावच येणार ना, सर?"

सरांनी आमच्याकडे पाहिलं. मग चपला काढल्या, खड्ड्यात उतरले आणि वही पुठ्ठ्यासकट गुंडाळीशेजारी नीट सरळ करून ठेवली.