माझा कोयता झालाय

आमच्या पाटोद्याकडं कोयता म्हणजे नुसतं ऊस तोडायचं हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम दारात आला की "किती माणसं?" विचारत नाही, "किती कोयते?" विचारतो. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीत टाकायची. कारखान्याच्या लेखी ही दोन माणसं एक. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कुणालाच नको असतो. म्हणून आमच्याकडं दसऱ्याच्या आधी घाईघाईनं लग्नं उरकतात. मुहूर्त भटजी काढतो असं आपलं म्हणायचं, खरा मुहूर्त कारखान्याच्या भोंग्याचा.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढचा सगळा घोटाळा ह्या एका शब्दानं केला. गावात अजून कुणी विषय काढला की लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. हसण्यावारी नेलं की माणूस जगतो. जगतो म्हणजे मरत नाही, एवढंच.

लागोपाठ दुसरं वर्ष पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. बाजरी वीतभर वाढून वाळली. टँकर गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि आम्ही वरून पोहरे सोडायचो. त्याच टँकरमध्ये धनगरवस्तीचा वाटा, त्यामुळं विहिरीवर रोज जुंपायची. तिथंच मला तो भेटला. मेंढपाळाच्या घरचा. दुष्काळात निम्मी मेंढरं मेली, उरलेली बाजारात विकून घरचे मोकळे झाले, आणि हा खांद्यावर काठी टाकून नुसताच हिंडायचा. पहिल्याच दिवशी आमचं भांडण.

"सरक बे," तो म्हणाला.

"तुज्या बापाची हीर हाय का?"

"बापाची असती तर बसवून पाजलं असतं तुला," म्हणाला, आणि आधी माझी घागर भरून दिली.

असल्या माणसाचं काय करावं? माझा जीव गेला तो तिथंच, उगाच लपवाछपवी कशाला. मला पोरी आवडत नाहीत हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं. फक्त त्याला नाव नव्हतं. गावाकडं जी नावं होती त्या सगळ्या शिव्या होत्या, आणि कुणाला त्या पडल्या की हसणाऱ्यांत मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचो. भित्र्या माणसाची रीतच ती.

घरात मी आणि माझी माय. वडील मी शाळेत असतानाच गेले. माय तुळजाभवानीची, गळ्यात कवड्यांची माळ, मंगळवारी कडक उपास. पोराचं लग्न झालं की जोडीला पाटावर बसवून गोंधळ घालीन, असा तिचा नवस होता. नवसाला चार वर्षं होऊन गेली होती. मी दर स्थळात खोट काढायचो. एकीचं नाक, एकीचा बाप, एकीच्या दारातलं कुत्रं. माय वैतागून म्हणायची, "कुत्र्यासंगं नांदायचंय का तुला?"

त्या वर्षी मुकादम ओट्यावर बसून साफ म्हणाला, "अर्धा न्हाई घेत. कोयता कर, मग ये." मायच्या अंगात बळ आलं. "बघ, मुकादमबी तेच म्हनायलाय." मी उठलो, तडक विहिरीवर गेलो आणि त्याला म्हणालो, "येतो का कारखान्याला? दोन अर्धे मिळून एक होतंय."

तो थोडा वेळ विहिरीत बघत बसला. मग म्हणाला, "मोजून तर होतंय."

मुकादमानं डोकं खाजवलं आणि एक कोयता लिहिला. वर सगळ्या टोळीसमोर विचारलं, "पर तुमच्यात बाई कोन?" ह्यानं डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "येक दिवसाआड, मुकादम. आज माजी पाळी हाय." बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. त्या दिवसापासून रोज पहाटे कुणीतरी बाई ओरडायचीच, "आज कुनाची पाळी रं?" असं उघड्यावर बोललं की कुणाला संशय येत नाही. खरं झाकायला चेष्टेसारखं पांघरूण नाही.

कारखाना सहकारी. गेटावर एकमेकांत घट्ट धरलेले दोन हात रंगवले होते. तो म्हणाला, "बघ की, दोनी हात गड्याचेच हायत." पाच महिने आम्ही एका कोपीत म्हणजे झोपडीत राहिलो, वरून उसाचं पाचट, खाली पाचट. मी तोडायचो, तो बांधायचा, दुसऱ्या दिवशी उलटं. भाकरी तो अशी थापायचा की शेजारच्या कोपीतल्या बाया बघायला यायच्या. त्यांच्या घरचा देव खंडोबा, आणि खंडोबानं म्हाळसा घरात असताना धनगराची बानाई केली हे आमच्याकडं लहान पोरंही जाणतात. एकदा मोळी डोक्यावर घेता घेता तो म्हणाला, "मी बानाई का रं तुजी?" मी म्हणालो, "देवाला दोन चालत्यात, मला येकबी चालू नये का?" तो हसला नाही. "चालंल की," म्हणाला. आयुष्यात मी सुखी होतो ते एवढेच पाच महिने. अंगावर उसाच्या पानांचे ओरखडे, हाताला घट्टे, आणि तरी सुखी.

संक्रांतीच्या पुढं कारखान्याच्या काट्यावर आमच्या गावचा एक ट्रॅक्टरवाला भेटला. तेव्हा मोबाइल नव्हते, निरोप तोंडी. म्हणाला, "तुज्या मायनं धर्मापुरीकडं पोरगी बघितलीया. पट्टा पडला की लगीन." पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं. माझं टाळकं सटकलं. मी म्हणालो, "तिला म्हनावं पोरगी बघू नको. माजा कोयता झालाय. लई चांगला झालाय."

मला म्हणायचं होतं की कामाला जोडीदार मिळाला, आता लग्नाची नड नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते दुसरंही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं तेव्हा बरं वाटलं. पहिल्यांदा एक शब्द असा मिळाला होता की तो शिवी नव्हता.

चैत्रात पट्टा पडला. ट्रकनं फाट्यावर सोडलं. त्याची वस्ती पुढं होती, म्हटलं पाणी पिऊन जा. गल्लीत शिरलो तर आमच्या दारात ही गर्दी! माय उंबऱ्यात उभी. हातात भाकरीचा तुकडा, तांब्या, कुंकवाचं ताट. शेजारी पाण्यानं काठोकाठ भरलेला हंडा. आत बाजेवर हिरवी साडी घडी करून ठेवलेली, वर हिरव्या बांगड्या. माय माझ्या मागं बघायली, त्याच्या मागं बघायली.

"सून कुठंय?"

"कोन सून?"

"तूच सांगावा धाडलास की, कोयता झालाय म्हनून!"

 मग कुणीतरी बाई किंचाळली, "अगं माय, हा काय तुजा कोयता, मिशावाला!" आणि हसण्याचा जो काय फुगा फुटला! म्हातारे खोकायला लागले. एक जण तर भिंतीला धरून खाली बसला. मायही हसली. कपाळावर हात मारून मारून हसली. मायनं गावभर साखर वाटली होती म्हणे. टँकरच्या पाण्यातून रोज तांब्या-तांब्या बाजूला काढून आठ दिवसांत तो हंडा भरला होता, सुनेचे पाय धुवायला.

सगळी हसली, आम्ही दोघं हसलो नाही. चूक झाली ती तिथं. पाच महिने प्रत्येक चेष्टेला पुरून उरलो आणि नेमके मायच्या दारात गप्प बसलो. तो खाली मान घालून हंड्याकडं बघत उभा. मायचं हसू हळूहळू कमी झालं. तिनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तिला कळलं. आईला कळतं म्हणतात ते खोटं नाही, पण ते चांगलंच असतं असं कुणी सांगितलं?

"पानी भरलंय ते काय शिळं करू?" म्हणाली आणि त्याच्या पायावर दोन तांबे ओतले, मग माझ्या. लोक पुन्हा हसले. तिनं दोघांना पुरणपोळी वाढली. तो दोन खाऊन वस्तीवर गेला.

दुपारी ती बांगड्या पुन्हा कागदात गुंडाळत बसली होती. वर न बघता म्हणाली, "काय हाय हे?"

मी सांगितलं. "माय, मी असाच हाय. पयल्यापासून. मला पोरगी नको. मला तो पायजे."

"देवीचा कोप म्हनावा का माजं काई चुकलं?"

"कुनाचंच काई चुकलं न्हाई."

तिनं गुंडाळलेला कागद पुन्हा उलगडला. मग म्हणाली, "सांगावा आला तवा म्यां जात न्हाई इचारली. म्हनलं कुनाची का असंना, आंधळी असू दे, पांगळी असू दे. येवढं सगळं गिळलं होतं रं म्यां."

"मंग आजून थोडं गिळ की, माय."

"घशात बसलंय, लेकरा. खालीच उतरंना."

चार दिवस तिनं मला काही म्हटलं नाही. जेवायला वाढायची, मी नीट जेवतो का बघायची. मला वाटलं, उतरतंय. पाचव्या दिवशी फडक्यात भाकरी बांधून देवीला जाऊन येते म्हणाली आणि संध्याकाळी परतली. पायाला धनगरवस्तीच्या वाटेवरची पांढरी माती होती. माझ्या लक्षात आलं नाही, किंवा मी येऊ दिलं नाही.

महिन्याभरात त्याचं लग्न ठरलं. पोरगी उमापूरकडची. विहिरीवर तो मला म्हणाला, "घरचे म्हन्त्यात कोयता पायजे. मला न्हाई म्हनता आलं न्हाई." मी म्हणालो, "सरक बे, घागर भरू दे." ह्यापेक्षा जास्त आमच्यात काही झालं नाही. रडारड नाही, भांडण नाही. भांडणापुरतं तरी पाणी असावं लागतं विहिरीत.

लग्नाला गेलो. गेलो नसतो तर लोकांनी कावून म्हणून विचारलं असतं. नवरी आली, मान खाली, अंगावर हिरवी साडी. साडी मी ओळखली. बांगड्याही ओळखल्या. अक्षता पडेपर्यंत उभा राहिलो, जेवलो नाही. परतीच्या वाटेवर मायला विचारलं, "तू?"

"व्हय, मीच. पोरगीबी म्यांच दावली."

"कावून, माय?"

"येकाचा तरी संसार झाला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मला तिचा गळा दाबावासा वाटला आणि उन्हात तिच्या डोक्यावर माझा रुमालही टाकावासा वाटला. मी रुमाल टाकला.

पुढच्या हंगामात तो बायकोला घेऊन त्याच टोळीत आला. पूर्ण कोयता. मुकादमानं मला दयेपोटी अर्धा घेतला. एका पहाटे माझ्या शेजारच्या सरीतून तो सवयीनं ओरडला, "आज तुजी पाळी रं!" आणि जीभ चावली. त्याच्या बायकोला काय माहीत, ती बिचारी खळखळून हसली. त्याच्या पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कारखान्याला गेला. मी स्थळं नाकारत राहिलो आणि स्थळं यायची थांबली. बऱ्याच वर्षांनी उसाच्या फडावर आरोग्याची माहिती द्यायला एक बाई आल्या. त्या म्हणाल्या, अशा माणसांना समलिंगी म्हणतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मला तो शब्द एखाद्या पतसंस्थेच्या नावासारखा वाटला. पण मी हात वर करून म्हणालो, "मी हाय तसा." लोकांना वाटलं चेष्टा करतोय. हसले. एकट्या बाई हसल्या नाहीत.

गोंधळ राहिला तो राहिलाच.

आता मी ऊस तोडत नाही, पाठ गेली. मायही म्हातारी झाली. ती सगळं विसरून गेली आहे, देवीचा वारसुद्धा. एक गोष्ट तेवढी शिल्लक राहिली. दारावरून कोणी गेलं की त्याला थांबवून सांगते, "माज्या पोराचा कोयता झालाय." यंदा पुन्हा टँकर सुरू झाला, आणि ती रोज पिण्याच्या पाण्यातून एक तांब्या काढून उंबऱ्यापाशी ठेवायला लागली. कशाला म्हणून विचारलं की म्हणते, सून येनार हाय, पाय धुवायला. आधी मी म्हणायचो, ती फडावर गेलीया, येईल. परवा मात्र माझा तोल सुटला. दोन दिवस टँकर आला नव्हता, घरात घोटभर पाणी नव्हतं, आणि ही तांब्याला हात लावू देईना. मी ओरडलो, "कोन येत न्हाई आता! तो आलता, माय. तूच घालवलंस त्याला."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तांब्याकडं बघितलं.

"मी घालवला?" म्हणाली. "मंग हे पानी म्यां कुनासाठी ठिवलंय?"