काढून टाकलेलं बटण

मीरा, ओंकार,

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — तुमच्या बाबालाही नाही. परवा व्हिडिओ कॉलवर मीरा म्हणाली, "आजी, तू आजोबांना आवाज दिलास." शाळेच्या प्रोजेक्टमध्ये ती तसंच लिहिणार आहे. म्हणून आता सांगते.

झटका आल्यावर आजोबांची वाचा गेली, मानही धड हलेना. तुमच्या बाबाने टॅब्लेट आणून दिला. चित्रावर बोट ठेवलं की तो बोलायचा. शब्द मात्र आपणच रेकॉर्ड करायचे. मी केले — नीटनेटके. 'मला पाणी हवे आहे.' 'कृपया पंखा लावा.' आजोबा जन्मात असं बोलले नव्हते. त्यांचे धाकटे भाऊ, माझे भाऊजी, ऐकून हसले. "वहिनी, दादा काय रेडिओवर बातम्या देतोय व्हय?" आणि त्यांनी स्वतःच्या आवाजात एक बटण भरून दिलं — "न्हाई." दोघा भावांचा आवाज अगदी सारखा.

मग काय, आंघोळीला न्हाई, गोळीला न्हाई, पाहुण्यांसमोर न्हाई. लग्न झाल्यापासून मी त्यांचं 'न्हाई' सुधारत आले होते. मला राग कशाचा यायचा — नकाराचा, की त्या उच्चाराचा?

त्याच सुमारास मी डिंगोऱ्याचं घर सोडून ओतूरच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरवलं. दवाखाना जवळ, हे खरं. पण मला खेड्यात राहायचंच नव्हतं, हे जास्त खरं. भाऊजी म्हणाले, "दादाला इचारल्याबिगर नको." संध्याकाळी ते विचारायला येणार होते.

दुपारी आजोबा झोपले असताना — मी ते बटण काढून टाकलं.

"दादा, ओतूरला ऱ्हायला जायाचं का?"

आजोबांचं बोट नेहमीच्या कोपऱ्यात गेलं. तिथे काहीच नव्हतं. त्यांनी दाबलं, पुन्हा दाबलं, बोट घसरून शेजारच्या चित्रावर गेलं. माझा आवाज म्हणाला, 'मला चहा हवा आहे.'

"च्या मागतोय," भाऊजी हसले. "म्हंजी राजी हाय."

आजोबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं. मी तेव्हाही बोलू शकले असते — नाही का? मी चहा टाकायला आत गेले.

ओतूरला आल्यावर त्यांनी टॅब्लेटला हात लावला नाही. त्यांना यंत्र जमत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते इथेच वारले.

डिंगोऱ्याचं घर अजून आहे. भाऊजी रोज सकाळी त्याचं दार उघडतात आणि अंगण झाडून घेतात.