पाचव्या खुणेवर फुटणारी रेघ

प्रयोगशाळेत त्यांना सगळे तोटीकाका म्हणत. तीस वर्षं त्यांचं एकच काम: लांब काचेच्या नळीत पाणी सोडायचं, मधोमध बारीक सुईतून जांभळा रंग सोडायचा आणि चाक फिरवत पाण्याचा वेग वाढवत न्यायचा. वेग कमी असेतो रंगाची रेघ सरळ जाते. मर्यादा ओलांडली की थरथरते, फुटते आणि भोवऱ्यांत विरून जाते. काकांच्या हाताखाली ती चाकाच्या सातव्या खुणेपर्यंत टिकायची. पाण्याला जरा हादरा पोचला की ती आधीच बिथरते. म्हणून टाकी आदल्या दिवशी भरायची, चपला दाराबाहेर काढायच्या आणि पाहुण्यांना ताकीद, "शिंक आली तर खुशाल शिंका, पण रस्त्यापलीकडे जाऊन."

दोन महिने मात्र रेघ पाचव्या खुणेलाच फुटत होती.

"ट्रक हो, मॅडम! समोरून जातात ना, जमीन हादरते," काका म्हणाले.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना पटलं. मग समोरचा रस्ता दुरुस्तीसाठी बंद झाला. मांजरसुद्धा फिरकेना. रेघ पाचलाच फुटली.

"म्हणजे नळीच गेली," मॅडम म्हणाल्या. "उद्या भंगारात काढू."

ती नळी काकांनी ऐन उमेदीत स्वतः बसवली होती, दर शनिवारी लेकीला न्हाऊ घालावं तशी पुसली होती. त्यांनी चाकावरचा हात खिशात घातला. तो तिथेही थरथरत होता. खिशात ट्रक शिरत नाहीत, एवढं त्यांना कळत होतं. गप्प राहिलं तर चाक आणखी काही महिने आपलं; नळी मात्र नाहक जाणार.

"मॅडम, एकदा तुम्ही फिरवा."

"मी? अहो, मला घरचा नळ धड बंद करता येत नाही!"

"फिरवा तर."

मॅडमनी जीव मुठीत धरून चाक फिरवलं. पाच. सहा. रेघ ताठ. फुटली ती सातला.

मॅडमची नजर काकांच्या खिशाकडे गेली.

"नळी ठणठणीत आहे," काका म्हणाले. "पुसत जा मात्र."

घरी बायकोनं रोजच्यासारखा अर्धाच कप चहा पुढे केला. दोन महिने ते तिला टोमणे मारत होते, "मी काय अर्धाच घरी आलोय का गं?" आज त्यांनी कप उचलला. चहा हेलकावत काठापर्यंत आला, परत गेला. सांडला नाही.

"तुला कधी कळलं?"

"तुमच्या हातून बशी फुटली ना, त्या दिवशी," ती म्हणाली. "प्या. मग उरलेला अर्धा देते."