पेर वाजवून बघणारे

देवपुरातल्या चहाच्या टपरीवर एक काका रोज भेटतात. नौदलातून निवृत्त झाले, पण बोलणं अजून तिथलंच, हिंदी मिसळलेलं. लोखंडाचं काही दिसलं की बोटाचं पेर वाजवून बघायची त्यांना खोड. टेबल, शटर, माझी स्कूटर, काही म्हणता काही सुटत नाही. "रंगावर मत जाओ भाऊ, गंज आतून खातो." त्यांच्या जुन्या जहाजात पंप थांबला की पायाखाली पाणी यायचं. हे ते हसत सांगायचे, कारण ते जहाज केव्हाच भंगारात गेलं असणार, असं त्यांनी धरलेलं.

बजेटच्या दिवशी टीव्हीवर नव्या जहाजांची चित्रं आली. आम्ही टाळ्या वाजवल्या, त्यांनी सगळ्यांना जिलेबी दिली. तेवढ्यात नौदलातच लागलेल्या त्यांच्या मुलीचा फोन आला. त्यांनी तो कौतुकानं स्पीकरवर टाकला.

"बाबा, पहिली पोस्टिंग! तुमचंच जहाज. नवी येईपर्यंत हेच चालवणार म्हणे."

आम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडून अहिराणी ऐकली.

"बेटा, पंप तरी नवा शे ना?"

"पंपनं माहीत नई, बाबा," ती हसली. "पन रंग बठ्ठा नवा शे!"