पाकिटातली सुई

बोरीच्या बाजारादिवशी बजरंग डॉक्टर कस्तुराबाईच्या ओसरीवर बसायचा. तो खरा डॉक्टर नव्हता, कुठंतरी कंपाउंडरकी करून आलेला. पण तिचा मानलेला भाऊ होता, दरसाल राखी बांधून घ्यायचा. कापूस वेचून अंग मोडलेल्या बाया ओळीनं बसायच्या. गोळीवर कुणाचा भरवसा नव्हता, सगळ्यांना सुईच पाहिजे. एकीला टोचली की बजरंग तीच सुई गरम पाण्यात बुचकळायचा आणि दुसरीला टोचायचा. कस्तुराबाई घरची, म्हणून तिचा नंबर शेवटी.

पुढं वर्षानुवर्षं तिला नुसता थकवा यायचा. थकवा आला की ती बजरंगकडूनच सुई घ्यायची.

यंदा पोटात पाणी झालं, तेव्हा लेक राजेश्रीनं तिला परभणीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, ही हिपॅटायटिस सी, रक्तातून येणारी कावीळ. बहुतेक त्या सुईतूनच आली. इतकी वर्षं आतल्या आत लिव्हर कडक होत गेलंय. आता गोळ्यांनी विषाणू जाईल, पण लिव्हर पहिल्यासारखं होणार नाही."

परतताना एसटीत राजेश्री म्हणाली, "मामाला तरी काय माहीत असंल, आई?"

"माहीत न्हवतं?" कस्तुराबाई उसळली. "एकदा त्यालाच आपल्या ओसरीवर ताप भरला. तवा मुडद्यानं पिशवीतून कोरी सुई काढली. हात थरथरायलेत म्हनला, म्हनून पाकीट मीच फोडून दिलं."